शेवटची खुर्ची कुणाची?

नाटकाच्या प्रयोगाची एकच खुर्ची उरली आहे. पुण्यातून एक आणि नाशिकमधून एक, अशी दोन बोटं एकाच वेळी ‘बुक करा’वर पडतात. डेटाबेसमध्ये त्या खुर्चीच्या नोंदीत तीन रकाने आहेत: स्थिती, कुणाच्या नावे, कधी. प्रयोगाच्या नोंदीत चौथा आहे: शिल्लक जागा. हे चारही एकत्र बदलायला हवेत. ‘विकली’ असं लिहून झालं आणि नाव लिहायच्या आत काही बिघडलं, तर खुर्ची विकलेली, पण कुणालाच नाही.

ही चिंता कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं 1494 मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत छापून प्रसिद्ध केली. एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. एकच बाजू लिहिली तर ताळा जुळत नाही आणि चूक दिसते. पण त्या वहीत सहसा एकच हात लिहायचा. एकाच वहीत शेकडो हात एकाच वेळी लिहू लागले, ते विसाव्या शतकात, विमानाची तिकिटं आणि बँकांची खाती कॉम्प्युटरवर गेल्यावर.

सत्तरच्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा डेटाबेस घडत होता. तिथे जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोंधळाला नियमात बसवलं. 1976 च्या त्यांच्या निबंधात ‘ट्रान्झॅक्शन’ची कल्पना नेमकी मांडलेली आहे: डेटाला एका सुसंगत अवस्थेतून दुसऱ्या सुसंगत अवस्थेत नेणारं, मध्येच न तुटणारं काम. त्यासाठी नोंदींना कुलपं कधी लावायची आणि कधी काढायची, हेही तिथे आहे.

1981 मध्ये ग्रे यांनी हीच गोष्ट ख्रिस्ती लग्नाच्या उदाहरणानं समजावली. पाद्री वधूला विचारतो, वराला विचारतो. दोघांचा होकार आला तरच लग्न लागलं. अर्धं लग्न नसतं. त्याच वर्षी कुंग आणि रॉबिन्सन यांनी दुसरा मार्ग सुचवला: कुलूप लावूच नका. काम करा आणि शेवटी तपासा, मधल्या वेळात कुणी काही बदललं का? बदललं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. 1983 मध्ये हेर्डर आणि रॉयटर यांनी ट्रान्झॅक्शनच्या चार गुणांना ‘ॲसिड’ हे नाव दिलं. 1998 मध्ये ग्रे यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग इंटरनेट फुगलं. एका मशीनवर मावणारा डेटा हजारो मशीनवर पसरला. इतक्या मशीनचा एकमुखी होकार मिळवायचा तर थांबावं लागतं, आणि थांबायला कुणी तयार नव्हतं. गुगलचं बिगटेबल (2006) एका ओळीपुरतीच हमी देत होतं. ॲमेझॉनच्या डायनॅमोनं (2007) कार्टमध्ये वस्तू टाकताना कधीच नकार मिळणार नाही याची काळजी घेतली. त्या बदल्यात काढून टाकलेली वस्तू कधीकधी पुन्हा उगवायची. त्याच 2007 च्या जानेवारीत ग्रे शिडाची बोट घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच समुद्रात गेले. ते परतले नाहीत. उपग्रहांच्या छायाचित्रांत हजारो लोकांनी त्यांची बोट शोधली. ती सापडली नाही.

त्यांची कल्पना मात्र परतली. हमी नसल्यामुळे प्रत्येक ॲपचा प्रोग्रॅमर आपापली ठिगळं लावत बसला होता. 2012 मध्ये गुगलनं स्पॅनरबद्दल निबंध प्रसिद्ध केला: जगभर पसरलेला, तरीही ट्रान्झॅक्शन पाळणारा डेटाबेस. वेळेचा क्रम चुकू नये म्हणून त्याच्या डेटा सेंटरमध्ये जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली होती. 2017 मध्ये आलेलं क्लाउड फायरस्टोअर याच स्पॅनरवर उभं आहे.

आपल्या खुर्चीचे तीन रकाने एकाच डॉक्युमेंटमध्ये आहेत, म्हणून फायरस्टोअरमध्ये ते एकाच ‘अपडेट’मध्ये एकत्र बदलतात, मध्ये तुटण्याचा प्रश्न नाही. पण ‘खुर्ची रिकामी आहे का?’ हे आधी वाचून मग ठरवायचं आणि दुसऱ्या डॉक्युमेंटमधल्या शिल्लक जागाही कमी करायच्या, तर ट्रान्झॅक्शनच हवं. त्यात आधी सगळं वाचायचं, मगच लिहायचं. मोबाइल ॲपमध्ये ते कुंग-रॉबिन्सनच्या वाटेनं जातं: वाचलेलं मध्येच बदललं, तर तोच कोड पुन्हा चालतो. म्हणून ‘अभिनंदन’चा मेसेज त्या कोडच्या आत ठेवायचा नसतो, तो दोनदा जाईल, किंवा जागा मिळालीच नाही तरी जाईल. आणि फोन ऑफलाइन असेल तर ट्रान्झॅक्शन सरळ अपयशी होतं. खात्री नाही, तर वचनही नाही.

नाशिकच्या स्क्रीनवर ‘माफ करा, जागा संपली’ असं येतं तेव्हा चिडचिड होणारच. पण तो नकार खरा असतो, म्हणूनच पुण्याच्या तिकिटावर विसंबता येतं. नाहीतर दोघंही तिकीट घेऊन थिएटरात पोचले असते आणि निकाल डोअरकीपरला लावावा लागला असता.