हिमनदीचे क्षरणकार्य
हिमनदी खडक कोरून पर्वतीय भूरूपे घडविते, हा विचार एकोणिसाव्या शतकात आल्प्सच्या अभ्यासातून पुढे आला. दऱ्यांमध्ये दूरवर विखुरलेले प्रचंड पाषाण पूर्वीच्या विस्तीर्ण हिमनद्यांनी वाहून आणले असावेत, असे झां-प्येअर पेरोदँ या स्विस शिकाऱ्याने १८१५ मध्ये झां द शार्पांत्ये यांना सांगितले. पण त्यांना ते पटले नाही. पुढे इग्नाट्स व्हेनेट्स यांच्या निरीक्षणांमुळे त्यांचे मत पालटले. १८३७ मध्ये लुई ॲगॅसिझ यांनी हिमयुगाची कल्पना मांडली.

हिमाचा पूर्वविस्तार हळूहळू मान्य झाला, तरी त्याची क्षरणशक्ती वादग्रस्तच राहिली. आल्प्समधील अनेक सरोवरांच्या द्रोणी हिमनद्यांनी खोदल्या, असे अँड्रू रॅम्झी यांनी १८६२ मध्ये प्रतिपादन केले. चार्ल्स लायेल यांनी त्यास विरोध केला. नदीला अशा विस्तीर्ण, बंदिस्त द्रोणी खोदता येत नाहीत. हिमनदी मात्र पृष्ठभागाच्या उतारानुसार सरकत असल्याने तळातील चढावरूनही पुढे जाते व खोलगट भाग अधिक खोल करते.

हे क्षरण मुख्यतः दोन प्रकारे होते. हिमनदी भेगाळलेल्या खडकाचे तुकडे उपटून नेते (उत्पाटन) आणि ते तुकडे तळ व बाजू घासतात (अपघर्षण). त्यामुळे दरीस इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आकार येतो. उतारावर आरामखुर्चीसारखी हिमगव्हरे तयार होतात. एकाच शिखराभोवतीची हिमगव्हरे मागे सरकत गेल्यास मॅटरहॉर्नसारखे (४,४७८ मी.) गिरिशृंग उरते. तथापि तळाशी गोठून चिकटलेले हिम खडकाचे रक्षणही करते. म्हणून हिमनदीची क्षरणशक्ती सर्वत्र सारखी नसते.