जबलपूरला आलेली दोन पत्रं आणि पडद्यावरची राणी

आज आपण जबलपूरला जाणार आहोत, पण भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला नाही. जून १८५७ मध्ये झाशीहून या गावी दोन पत्रं आली, ती वाचायला. आणि हो, आजचा विषय शिक्षकांसाठीही आहे. सिनेमा दाखवून मुलांना व्यक्तिरेखा कशी उलगडून दाखवायची आणि त्यावर चारचौघांत कसं बोलायला लावायचं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

झाशीची राणी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि पाठीला बांधलेलं मूल येतं. हे चित्र घडवण्यात जबलपूरचा वाटा मोठा आहे. सुभद्राकुमारी चौहान इथेच राहायच्या. त्यांची राणीवरची कविता हिंदी मुलुखात शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते. १९५३ साली सोहराब मोदींनी ‘झांसी की रानी’ काढला. टेक्निकलरमधला हा पहिला भारतीय चित्रपट. कॅमेऱ्यामागे ‘गॉन विथ द विंड’वाला अर्नेस्ट हॅलर, राणी झाली मोदींची पत्नी मेहताब. एवढा खर्च करूनही सिनेमा पडला, ते असो. २०१९ मध्ये ‘मणिकर्णिका’ आला. आजच्या मुलांची राणी बहुतेक तीच.

आता पत्रांकडे येऊ. त्या काळी सागर-नर्मदा प्रदेशाचा कमिशनर मेजर अर्स्किन जबलपूरला बसायचा. झाशीत शिपायांनी उठाव केला, ८ जूनला इंग्रज स्त्रीपुरुष-मुलांची कत्तल झाली आणि १२ व १४ जूनला राणीने अर्स्किनला लिहिलं. आशय असा, की घडलं त्याचं दुःख आहे, शिपायांनी धमकावून आपल्याकडून पैसे उकळले, आता मुलखात बंदोबस्त नाही, मदत पाठवा. अर्स्किनने २ जुलैला उत्तर दिलं: इंग्रज अधिकारी येईपर्यंत कारभार तुम्हीच पाहा, वसूल गोळा करा, पोलीस ठेवा.

वर्गात हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘म्हणजे राणी इंग्रजांच्या बाजूची होती?’ दुसरा लगेच म्हणतो, ‘छे, तो गनिमी कावा होता!’ इतिहासकारांचंही यावर एकमत नाही. मला स्वतःला वाटतं, की त्या आठवड्यात तिच्यापुढे संस्थान आणि दत्तक मुलगा वाचवण्याचा प्रश्न होता, आणि उरलेल्या वाटांपैकी ही एक होती. पण माझं मत मुलांना आधी सांगू नये. त्यांना आधी सिनेमा दाखवावा.

पूर्ण तीन तास नाही, एखादाच दरबाराचा प्रसंग. तोही पहिल्यांदा आवाज बंद करून. राणी कुठे बसली आहे, कॅमेरा तिच्याकडे खालून बघतो की वरून, ती बोलताना इतरांचे चेहरे कसे आहेत, एवढंच टिपायचं. मग आवाज लावून पुन्हा बघायचं. मुलांच्या लक्षात येतं, की तिचा निर्भयपणा संवादाच्या आधीच संगीताने आणि प्रकाशाने ठरवून टाकलेला आहे. त्यानंतर पत्र हातात द्यावं. पत्रातली बाई हिशेबी आहे, सावध आहे, शब्द तोलून टाकते. ही दोन्ही माणसं एकच कशी, या प्रश्नापाशी व्यक्तिचित्रणाचा अभ्यास खरा सुरू होतो.

तिसरा साक्षीदार आपला मराठी माणूस. वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली छापला, तोही बराच फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणली. गोडसे भटजींची राणी सकाळी व्यायाम करते, कधी पुरुषी पोशाखात असते, कधी लुगड्यात. आणि पराभवानंतर वाटेत विहिरीपाशी भेटते ती धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवून स्वतः शेंदते. कुठल्याही दिग्दर्शकाने हात जोडावेत असा प्रसंग आहे, आणि तो लिहिणारा साधा भिक्षुक.

मग सादरीकरण. प्रत्येकाला तीन मिनिटं. एक जण राणीचा वकील, एक अर्स्किनचा कारकून, एक गोडसे भटजी, एक सिनेमाचा दिग्दर्शक. नियम एकच: प्रत्येक विधानानंतर ‘हे मला कुठून कळलं’ ते सांगायचं. पत्रातून, आठवणीतून, कवितेतून की पडद्यावरून. पाठांतर केलेली मुलं इथे अडखळतात. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी पुष्कळदा छान बोलतात, कारण त्यांनी नीट पाहिलेलं असतं.

जबलपूरच्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येते. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला याच शहरात गोंड राजा शंकरशाह आणि त्याचा मुलगा रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिलं. पुराव्यात राजाने लिहिलेली देवीची प्रार्थना होती. त्याच रात्री इथली ५२ वी पलटण बिथरून निघून गेली. कागदावर काय लिहिलंय, यावर त्या वर्षी माणसांचा जीव टांगलेला होता. राणी पत्रात इतकी तोलून का बोलते, ते यावरून मुलांना उमगतं.

आणि एक भूमिका मी मुद्दाम राखून ठेवतो, ती वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला द्यावी. कलकत्त्याच्या सरकारी कचेरीतला अधिकारी. अर्स्किनचा कागद त्याच्या टेबलावर आला, तेव्हा तिथून उत्तर गेलं, की राणीचं म्हणणं मान्य केल्याबद्दल अर्स्किनला दोष नाही, पण ते खोटं ठरलं तर या कागदाने राणीला संरक्षण मिळणार नाही.