अपस्मार, प्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकतेचा समज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी, २९ डिसेंबर रोजी, विवाहविषयक कायद्यांत एक लहानसा बदल अमलात आला. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील विवाहाच्या अटींमधून ‘अपस्मार’ हा शब्द वगळण्यात आला. १९७६ च्या दुरुस्तीने तो वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या शेजारी बसविला होता. परिणामी २३ वर्षे, वारंवार फेफरे येणाऱ्या व्यक्तीचा विवाह न्यायालयात रद्द ठरविता येत होता. अशा तरतुदीला समाजात आधार होता तो अपस्मार हा ‘रक्तातून उतरणारा’ रोग आहे या समजाचा. हा समज वैद्यकाच्या इतिहासात कसकसा ढासळत गेला आणि त्यात शरीराच्या प्रतिकारशक्तीविषयीच्या ज्ञानाचा वाटा काय होता, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पारंपरिक दृष्टी

चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार सांगून त्यावर औषधयोजनाही दिली आहे. म्हणजे शास्त्रग्रंथांनी त्याला चिकित्सायोग्य व्याधी मानले होते. लोकव्यवहारात मात्र फेफरे ही बाहेरची बाधा ठरली. कांदा हुंगविणे, नाकाशी चप्पल धरणे, मांत्रिकाकडे नेणे हे उपाय ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. बाधेची कल्पना मागे पडली तेथेही ‘घराण्याचा दोष’ ही कल्पना टिकून राहिली.

लसीने दिलेला धडा

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच मेंदूवर उलटू शकते, याचा पहिला ठळक पुरावा रेबीजच्या लसीतून मिळाला. पाश्चरने १८८५ मध्ये वापरलेली लस सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे विकसित केलेली लसही प्राण्यांच्या मज्जासंस्थेच्या ऊतींपासूनच बनत असे. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने म्हणून मागील पिढ्यांना जी आठवतात, ती याच परंपरेतील होत. ही लस घेतलेल्या काही जणांना पक्षाघात किंवा मेंदूदाह होत असे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ ते १९३५ या काळात माकडांना निरोगी मेंदूच्या ऊतीची इंजेक्शने वारंवार दिली आणि विषाणूशिवायही तसाच दाह होतो असे दाखविले. दोष विषाणूचा नव्हता. परक्या मेंदूऊतीला दिलेला प्रतिसाद स्वतःच्या मेंदूलाही भोवत होता. भारतात या लसीचे उत्पादन २००५ पर्यंत थांबले आणि तिची जागा पेशीसंवर्धनातून तयार होणाऱ्या लसींनी घेतली.

कृमी आणि शरीराचा प्रतिसाद

अपस्माराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा पुरावा भारतीय भूमीशी निगडित आहे. १९६१ मध्ये डिक्सन व लिप्सकोम यांनी ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक जण हिंदुस्थानात नोकरी केलेले ब्रिटिश सैनिक होते. त्यांच्या शरीरात पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी होत्या आणि संसर्गानंतर काही वर्षांनी त्यांना फेफरे येऊ लागले होते. हे सैनिक रोग घराण्यातून घेऊन आले नव्हते.

संसर्ग आणि फेफरे यांत इतका काळ का जातो? जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चकवून वर्षानुवर्षे मेंदूत राहू शकते. ती मरू लागली की हे कवच गळून पडते, संरक्षक पेशी तिच्यावर तुटून पडतात, भोवती दाह व सूज निर्माण होते आणि त्यातून झटका उद्भवतो. म्हणूनच कृमिनाशक औषधासोबत दाह कमी करणारी स्टेरॉइडे दिली जातात.

भारतात सीटी स्कॅन रूढ झाल्यावर अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहान गाठ दिसू लागली. ती क्षयाची मानून क्षयाचे उपचार होत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील चंडी, राजशेखर व सहकाऱ्यांनी ऊतिपरीक्षणाच्या आधारे अशा बहुसंख्य गाठी कृमीच्या असल्याचे दाखविले. त्यांचा लेख १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील बऱ्याच गाठी कालांतराने आपोआप विरतात. हा संसर्ग कृमिग्रस्त माणसाच्या विष्ठेतील अंडी हात, पाणी वा भाजीपाला यांवाटे पोटात गेल्याने होतो. त्यामुळे तो शाकाहारी व्यक्तीलाही होऊ शकतो. येथे प्रश्न कुळाचा नसून शौचालयाचा, पाण्याचा व हात धुण्याचा आहे.

वर्गीकरणात मिळालेले स्थान

१९५८ मध्ये माँट्रियल येथील थिओडोर रासमुसेन यांनी मेंदूच्या एकाच गोलार्धात दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे व त्यातून येणाऱ्या फेफऱ्यांचे वर्णन केले. २००७ मध्ये जोसेप दाल्माऊ यांनी मज्जापेशींवरील एका ग्राहीविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह उलगडून दाखविला. वर्तनातील बदल व झटके यांमुळे असे रुग्ण सहज वेडाचे समजले जात. योग्य वेळी प्रतिकारशक्तीला आवर घालणारे उपचार मिळाल्यास त्यांतील अनेक बरे होतात. अखेर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने आपल्या वर्गीकरणात रचनात्मक, जनुकीय, संसर्गजन्य, चयापचयविषयक व अज्ञात या कारणांबरोबर ‘प्रतिकारशक्तीविषयक’ कारणाला स्वतंत्र स्थान दिले.

समारोप

काही अपस्मार जनुकीय असतात, हे नाकारता येत नाही. परंतु सहा कारणांपैकी एका कारणावरून सर्व रुग्णांना विवाहास अपात्र मानणे शास्त्राला धरून नव्हते. कायद्यात हा शब्द १९७६ मध्ये आला, तेव्हा सैनिकांवरील अहवाल प्रसिद्ध होऊन १५ वर्षे झाली होती. ज्ञान उपलब्ध होते. ते विधिमंडळापर्यंत पोहोचले नव्हते. कायद्याने ही चूक सुधारली असली तरी सोयरीक जमविताना मुलीचे फेफरे लपविणे आणि त्यासाठी तिच्या गोळ्या बंद करणे हे प्रकार संपलेले नाहीत. अचानक गोळ्या बंद केल्याने प्राणावर बेतू शकते. पुण्यातील संवेदना फाउंडेशनने अपस्मारग्रस्तांसाठी वधूवर सूचक मंडळ सुरू केले, ते याच वास्तवामुळे. जिल्ह्याच्या महाविद्यालयांत विवाहयोग्य वयाची पिढी शिकत आहे. तिच्यापर्यंत हा इतिहास पोहोचविणे हे अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.