बनारसीदासांची कचोरी आणि आग्र्यातले आमचे तीन दिवस



गेल्या कार्तिकात आम्ही बारा जणी शौरीपूर आणि मथुरा चौरासीच्या यात्रेला जाऊन आलो. शौरीपूर ही नेमिनाथ भगवंतांची जन्मभूमी. आग्रा जिल्ह्यातच, बटेश्वरजवळ, यमुनेच्या काठी आहे. म्हणून मुक्काम आग्र्यात होता. निघण्याआधी आठ दिवस घरात एकच गडबड : दशम्या, खाकरे, मेतकूट, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, पातळ पोह्यांचा चिवडा. माझी एक पिशवी कपड्यांची आणि दोन खाण्याच्या. आग्रा म्हणजे बादशहांचं शहर. कबाब, बिर्याणी, तुपातली पक्वान्नं. कंदमूळ न खाणाऱ्या आणि सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालणाऱ्या बाईला तिथे काय मिळणार, असंच मी धरून चालले होते.

ही भीती मला सासूबाईंकडून आली. मामंजी त्यांना कितीदा तरी म्हणाले होते, चला, एकदा ताजमहाल पाहून येऊ. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं : "तिथे खायचं काय?" शिखरजीला त्या गेल्या, कारण संघाबरोबर स्वयंपाकी होता. एरवी उंबरा ओलांडला नाही. ताज न पाहताच गेल्या. आम्ही सगळे म्हणायचो, जुनी माणसं किती कडक, बाहेरचं कधी खाल्लं नाही. मीही ते अभिमानाने सांगत असे.

यात्रेआधी मी "अर्धकथानक" पुन्हा वाचायला काढलं आणि या अभिमानाला जरा धक्का बसला.

कविवर बनारसीदास आपल्याला माहीत आहेत ते समयसार नाटकामुळे. त्यांचा जन्म १५८६ साली जौनपूरला, श्रीमाळ व्यापारी घराण्यात झाला. १६४१ मध्ये त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिकत पद्यात लिहिली. माणसाचं आयुष्य ११० वर्षांचं धरलं तर ५५ वर्षं झाली, म्हणजे अर्धी कथा. म्हणून नाव अर्धकथानक. काही लपवलेलं नाही. नऊ मुलं झाली आणि नऊही गेली, हेसुद्धा त्यात लिहिलं आहे.

पंचविशीच्या आत-बाहेर असताना वडिलांनी त्यांना तूप, तेल, जौनपुरी कापड आणि काही रत्नं देऊन आग्र्याला व्यापारासाठी पाठवलं. तेव्हा आग्रा म्हणजे साम्राज्याचं मोठं शहर. बनारसीदासांना ना भाव कळले ना माणसं. माल तोट्यात गेला, रत्नं हरवली, आणि शेवटी घरातल्या वस्तू विकून दिवस काढायची वेळ आली. बाजारात तोंड दाखवायची लाज वाटे. दिवसभर घरात बसायचे आणि रात्री मधुमालती, मिरगावती या कथा वाचून दाखवायचे. ऐकायला दहा-वीस माणसं जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडूनच ते उधारीवर कचोऱ्या खात.

काही दिवसांनी बनारसीदासांनी त्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं : माझ्याकडे पैसे नाहीत, तू उधार देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, कोणी काही म्हणणार नाही. असे सहा-सात महिने गेले. पुढे एका नातेवाइकाने घरी नेलं, भागीदारीत व्यापार सुरू झाला, आणि हातात पैसा येताच कचोरीवाल्याचा हिशेब झाला. एकूण चौदा रुपये. ते त्यांनी चुकते केले.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हा आकडा माझ्या डोक्यात बसला. वीस रुपयांची पत, चौदा रुपयांची उचल. ना कागद, ना जामीन, ना व्याज. पुढे सासरी खैराबादला गेल्यावर त्यांच्या पत्नीने साठवलेले वीस रुपये गुपचूप नवऱ्याच्या हातात ठेवले आणि आपल्या आईकडून आणखी दोनशे मिळवून दिले, हेही याच पुस्तकात आहे. आपल्या डब्यातल्या पैशांची परंपरा किती जुनी आहे पाहा.

आता त्या काळच्या आग्र्याच्या स्वयंपाकघरात जरा डोकावू. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांचे तीन वर्ग आहेत, आणि त्यातला पहिला वर्ग बिनमांसाचा आहे. त्यात खिचडीचं प्रमाण दिलं आहे : तांदूळ पाच शेर, मुगाची डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर! आपल्या घरी कोणी एवढं तूप घातलं तर डॉक्टरच रागावतील. त्याच वर्गातल्या वांग्याच्या पाककृतीत मात्र कांदा आणि आलं आहे. म्हणजे मांस नाही एवढ्याने जेवण आपलं होत नाही, हे तेव्हाही खरंच होतं.

आपल्या साधूंचा प्रभावही त्या दरबारावर पडला होता. १५८३ साली आचार्य हीरविजयसूरी गुजरातेतून पायी चालत फतेपूर सिक्रीला अकबराच्या भेटीला गेले. त्यांच्या सांगण्यावरून पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या बंद ठेवण्याचं फर्मान निघालं. ते श्वेतांबर आणि आम्ही दिगंबर, पण अशा कामात पंथ कसला पाहायचा?

आणि बटाटा? आज उत्तरेकडे गेल्यावर आपली सगळ्यात मोठी अडचण तीच. पण बनारसीदासांच्या आग्र्यात ती नव्हती. बटाटा पोर्तुगीजांनी आणला. "बटाटा" हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला. उत्तर हिंदुस्थानात तो घरोघरी पसरला पुढे, कंपनी सरकारच्या काळात. ज्याला आपण "तिकडचं पारंपरिक खाणं" म्हणतो, त्यातला बटाटा हाच नवा पाहुणा आहे. त्याच्याशिवाय ते खाणं शेकडो वर्षं चालत होतं.

हे सगळं डोक्यात घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका बेडईच्या गाडीसमोर उभी राहिले. बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी. तिथली न्याहारीच ती, सोबत बटाट्याची रस्सा भाजी आणि जिलेबी. आमच्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "ताई, नको, चला. खोलीवर दशम्या आहेत." माझाही पाय मागे येत होता. वयाच्या पासष्टीत परक्या माणसाला "भैया, इसमें क्या है" एवढं विचारायला मला कसली लाज वाटत होती, कोण जाणे. पण विचारलं. सारणात हिंग, बडीशेप, धणे, कांदा-लसूण नाही. बटाट्याची भाजी नको म्हटल्यावर त्याने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जैन हैं? पहले बताना था।" आणि बाजूच्या पातेल्यातली काशीफळाची, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याची, भाजी वाढली. ती न मागणाऱ्याला दिसतसुद्धा नव्हती. जिलेबीचं पीठ आंबवलेलं असतं, ती आम्ही घेतली नाही, आणि त्यालाही वाईट वाटलं नाही.

पेठ्याचंही तसंच. पांढरा कोहळा चुन्याच्या निवळीत भिजवून, उकडून, साखरेच्या पाकात शिजवतात. तूप नाही, दूध नाही, कंद नाही. एवढ्या तुपातुपाच्या शहराची सगळ्यात प्रसिद्ध मिठाई शुद्ध फळभाजीची! आपल्या कोहळ्याच्या वड्यांची ती सख्खी बहीणच.

सगळंच जमलं असं मात्र नाही. शौरीपूरहून परतताना उशीर झाला, सूर्य मावळला, आणि त्या दिवशी संध्याकाळचं जेवण झालं नाही. चिवड्याची पिशवी मांडीवर होती, तरी नियम म्हणजे नियम. पण ती उपाशी रात्र मला जड गेली नाही. जड गेली ती दुसऱ्या दिवसाची दुपार, ताजसमोर उभी असताना. सासूबाईंना नियमाने अडवलं नव्हतं. अडवलं ते विचारायच्या संकोचाने, आणि आम्ही सुनांनी त्याला कडकपणा म्हणून वर मान दिला. त्यांच्यासोबत जाऊन चार ठिकाणी विचारणारी एक जण हवी होती. ती मी होऊ शकले असते. मला सुचलं नाही.

म्हणून जाणाऱ्यांसाठी एवढंच. सकाळी लवकर जा, ताजी बेडई मिळते. भाजीत बटाटा आहे का, हे आधी विचारा. पेठा घेताना साधा, पांढरा घ्या. दालमोठ घेतलीत तर मसाल्यात लसूण आहे का, ते पाहून घ्या. पाणी गाळायला कापड बरोबर ठेवा आणि संध्याकाळच्या प्रवासात सूर्यास्ताची वेळ आधीच बघून ठेवा.

आणि घरात एखादी म्हातारी "तिथे खायचं काय?" असं म्हणत असेल, तर तिच्या नियमाचं कौतुक करून थांबू नका. पिशवी भरा आणि तिला बरोबर घेऊन जा.