पन्नास सेंटांची गोष्ट

गेल्या वैशाखात माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून गावी आला होता. ओटीवर पन्हे घेता घेता म्हणाला, "सर, नोकरी गेली. पगाराचं तितकं वाटत नाही. पण घरादाराचा दवाखान्याचा विमाही तिच्याबरोबर गेला!" नोकरी आणि दुखणे यांची अशी गाठ कोणी बांधली असेल? मी जुने कागद धुंडाळू लागलो, आणि मौज अशी की, त्या गाठीच्या मुळाशी निघाले आमच्याच पेशाचे लोक, म्हणजे शाळामास्तर!

साल १९२९. टेक्सासमधील डॅलस शहरातल्या बेलर विद्यापीठाच्या इस्पितळात बिले थकली होती. कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबॉल पूर्वी त्याच शहरातील शाळांचे प्रमुख होते. थकबाकीदारांत त्यांना ओळखीच्या शिक्षकांची नावे दिसली. त्यांनी तोड काढली: शिक्षकाने महिन्याला ५० सेंट द्यावेत, आजारी पडल्यास त्याला २१ दिवस इस्पितळात ठेवून घ्यावे. इस्पितळाला पैसा मिळाला, शिक्षकांची अब्रू राहिली. याच रोपाचा पुढे 'ब्लू क्रॉस' हा वृक्ष झाला.

मग महायुद्ध आले. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीला लगाम घातला, पण विम्याला सूट दिली. माणसे टिकवण्यासाठी कारखानदार विमा देऊ लागले. १९५४ च्या कायद्याने त्यावरील करमाफी पक्की केली आणि गाठ घट्ट बसली. सर्वांनाच विमा मिळावा, अशी योजना अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये मांडली होती. डॉक्टरांच्या संघटनेने तिच्यावर समाजवादाचा शिक्का मारला आणि बेत बारगळला.

बाहेर राहिले ते म्हातारे, बेकार, शेतमजूर. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणले. वर्णभेद पाळणाऱ्या इस्पितळांना मेडिकेअरचा पैसा मिळेना, तेव्हा दक्षिणेत कित्येक बंद दारे उघडली. खर्चाला मात्र धरबंध राहिला नाही. इस्पितळाने आकडा सांगावा, विम्याने तो भरावा. भाव विचारायचा कोणी? १९६० मध्ये राष्ट्रीय उत्पादनाच्या शंभर डॉलरांतले ५ आरोग्यावर जात, ते २०२३ मध्ये जवळजवळ १८ झाले. २०१० च्या कायद्याने विमा पुष्कळांपर्यंत पोचला, तरी २०२३ मध्ये अडीच कोटींहून अधिक माणसे त्यावाचून होती. त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त कुठे? किंबॉलसाहेबांच्या टेक्सासमध्ये, शंभरात १६!

त्यांना दोष द्यावा, असे मला वाटत नाही. त्यांनी ओळखीच्यांना हात दिला. अनोळखी माणसाचा हात धरणे हे राज्याचे काम होते.

हे सारे मी विद्यार्थ्याला पत्राने कळवले. दसऱ्याला उत्तर आले: "सर, नवी नोकरी मिळाली. पगार कमी आहे, पण विमा आहे."