बुणग्याचं पदक

मराठीत 'बुणगा' या शब्दाला कधीच बरे दिवस आले नाहीत. फौजेबरोबर चालणारा पण न लढणारा, दाणागोटा खाणारा, पळताना वाट अडवणारा. पानिपतच्या पराभवाचा हिशेब मांडायला बसलं की अर्धं खापर बाजारबुणग्यांच्याच डोक्यावर फुटतं. पण घोड्याला खरारा कोण करायचं, तोफेच्या बैलांना वैरण कोण आणायचं, जखमीला उचलून कोण न्यायचं, असं विचारलं की उत्तर पुन्हा तेच. इंग्रजांच्या हिंदी फौजेत यांनाच 'फॉलोअर' म्हणत. भिस्ती, डोली वाहणारे कहार, सईस, लांगरी, मोची, धोबी, झाडूवाले आणि पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणारे कुली.

या बुणग्यांना सरकारने पदक दिलं, तेही वेगळ्या धातूचं. त्या पदकाची ही कुळकथा.

जुन्या नाण्या-पदकांच्या दुकानात पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल हटकून असतं. व्यास ३६ मिलिमीटर. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, घोड्याच्या टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल. ही मागची बाजू विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराची. फीत मधोमध नारिंगी, दोन्ही अंगांना पांढरे, काळे आणि निळे पट्टे. १९१९ साली मंजूर झालेलं हे पदक चांदीचं आहे आणि साधारण ६५ लाख लोकांना मिळालं. पण दुकानदाराच्या खणात कधीतरी त्याच साच्यातलं, त्याच फितीला लटकणारं एक काळपट तपकिरी पदक सापडतं. ते ब्राँझचं. अशी सुमारे १ लाख १० हजारच निघाली. नवखा माणूस चांदीच्या पदकाची किंमत विचारून ते खिशात टाकतो आणि तपकिरी पदक 'घासून बघा हो जरा' म्हणून परत करतो. मुरलेला संग्राहक तपकिरीवर हात ठेवून गप्प बसतो. लिलावात आज ब्राँझचं पदक चांदीच्या कितीतरी पट भाव खातं.

'कांस्यपदक' म्हटलं की आपल्याला शर्यतीतला तिसरा नंबर आठवतो. इथे शर्यत नव्हतीच. धातू ठरत होता तो माणूस फौजेत कुठल्या पंक्तीला बसतो यावरून.

धातूवरून पंक्ती लावायची ही रीत हिंदुस्थानात रुजली ती कंपनी सरकारच्या काळात, आणि तिच्या मुळाशी मराठ्यांशी झालेली लढाईही आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डबरोबर बंगालचे शिपाई हिंदुस्थान आडवा तुडवत पश्चिमेला आले. त्यांच्यासाठी आणि कर्नाटकात हैदरविरुद्ध लढलेल्या बंगाली पलटणींसाठी कंपनीने १७८४ मध्ये डेक्कन मेडल काढलं. वर फारसी मजकूर, आणि हुद्द्याप्रमाणे धातू आणि आकार बदललेला. पुढे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि कंपनीने या कल्पनेचा पुरता जिना बांधला. बर्मिंगहॅमजवळच्या सोहोच्या टांकसाळीत एकाच साच्यातून पाच धातूंची पदकं पडली. सेनापतींना सोनं, त्याखालच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, कॅप्टन-लेफ्टनंटांना चांदी, हवालदार वगैरेंना ब्राँझ, आणि साध्या शिपायाला कथिल. पदकावर ब्रिटिश सिंह म्हैसूरच्या वाघाला लोळवतो आहे. सिंह पाचही धातूंत सारखाच.

पुढच्या पन्नास वर्षांत हा जिना मोडला. १८५१ चं आर्मी ऑफ इंडिया मेडल सगळ्यांना चांदीचंच होतं. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव अशी आपल्या ओळखीची नावं त्याच्या फितीवरच्या पट्ट्यांवर आहेत. लढणाऱ्यांत गोरा-काळा फरक हजार ठिकाणी होता, पण या पदकाच्या धातूत तो उरला नाही. बुणगे मात्र हिशेबातच नव्हते.

ते हिशेबात आले १८८५-८७ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून. इंडिया जनरल सर्व्हिस मेडल लढणाऱ्याला चांदीचं आणि फौजेबरोबरच्या अधिकृत नोकर-चाकरांना ब्राँझचं, असा नवा पायंडा पडला. हा उपकार की अपमान, हे बसल्या जागी ठरवणं सोपं नाही. त्याआधी त्यांना सहसा काहीच मिळत नव्हतं. नाव कोरलेली एक वस्तू मिळाली, ही खरोखरच बढती होती. पण एकाच साच्यातून दोन धातू काढले की फरक कायमचा छातीवर लटकतो, हेही खरं. गंमत अशी की ब्राँझ मुळात हलकं मानलं जात नव्हतं. फौजेतला सर्वांत मोठा मान, व्हिक्टोरिया क्रॉस, १८५६ पासून ब्राँझचाच आहे. १८४३ मध्ये शिंद्यांच्या फौजेचा पाडाव झाल्यावर त्यांच्याच तोफा वितळवून ग्वाल्हेर स्टार ओतले गेले, तेही ब्राँझचे, आणि ते साहेबलोकांनी मिरवले. बोचतं ते चांदीच्या शेजारी ठेवलेलं ब्राँझ.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं जिथे जिथे हिंदी फौज गेली, तिथे तिथे हे जोडपं गेलं. १९०० मध्ये चीनमध्ये, बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत, १९०३-०४ मध्ये यंगहजबंडच्या तिबेट स्वारीत. तिबेटच्या ब्राँझ पदकांच्या कडेवर नावाबरोबर हुद्दाही कोरलेला असतो, आणि तो हुद्दा म्हणजे 'कुली'. या शब्दाचं मूळ कुणी तमिळमधल्या मजुरी या अर्थाच्या 'कूलि'त शोधतं, कुणी आपल्या गुजरात-कोकणातल्या कोळ्यांत. ल्हासाच्या वाटेवर ओझं पाठीवर असलेल्याला त्याच्याशी काय देणंघेणं! पण साम्राज्याच्या सरकारी पदकावर हा शब्द हुद्दा म्हणून अवतरला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

बोअर युद्धाचा आणखी एक धागा आपल्याकडे येतो. नाताळमध्ये गांधींनी हिंदी लोकांची सुमारे ११०० जणांची ॲम्ब्युलन्स तुकडी उभी केली. त्यात बहुतेक गिरमिटिये मजूर होते. जखमींना डोलीतून मैलोन् मैल त्यांनीच वाहिलं. युद्धाची पदकं मिळाली ती तुकडीच्या पुढाऱ्यांना. गांधींनी आपली पदकं व्हाइसरॉयला परत करणारं पत्र लिहिलं ते १ ऑगस्ट १९२० ला. त्याच तारखेला मुंबईत टिळक गेले.

मग पहिलं महायुद्ध. या युद्धाने बंदुकीइतकंच फावड्याचं काम काढलं. खंदक, रेल्वेरूळ, लाकूडतोड, जहाजं रिकामी करणं, दारूगोळा वाहणं. त्यासाठी १९१७ मध्ये जवळपास ५० हजार हिंदी मजूर फ्रान्सला गेले. संथाळ, रांचीकडचे उरांव आणि मुंडा, खासी, गारो, लुशाई, नागा, मणिपुरी, कुमाऊंचे डोंगरी, सरहद्दीचे पठाण. त्यांतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या गोदीत. मेसोपोटेमियात तर कैद्यांच्या तुकड्या गेल्या. शिक्षेत सूट देऊ म्हणून तुरुंगांतून सुमारे १६ हजार माणसं बसऱ्याकडे रवाना झाली. भरती सगळीकडे राजीखुशीने झाली नाही. मणिपूरच्या डोंगरातल्या कुकींनी मजूर द्यायला नकार दिला आणि १९१७ ते १९१९ तिथे उघड लढाई पेटली. शिलाँगच्या बाजारात 'मोतफ्रान' नावाचं स्मारक आहे, म्हणजे फ्रान्सचा दगड. ते २६ व्या खासी लेबर कोअरचं. फ्रान्सहून परतलेल्या नागांपैकी काहींनी कोहिम्यात १९१८ मध्ये नागा क्लब काढला आणि पुढे त्याच क्लबने १९२९ मध्ये सायमन कमिशनला निवेदन दिलं. साहेबाच्या देशात जाऊन खड्डे खणून आलेला माणूस घरी आला तो वेगळा होऊन आला.

या लेबर आणि पोर्टर कोअरांतल्या लोकांना ब्राँझचं वॉर मेडल मिळालं, आणि सहसा एवढंच मिळालं. शिपायाला त्याच्या जोडीला व्हिक्टरी मेडल मिळे, मजुराला नाही. संग्राहकांच्या दृष्टीने ही खूण कामाची. चांदीचं पदक 'जोडी'त येतं, ब्राँझचं एकटं. कुणी ब्राँझच्या जोडीला विजयपदक लावून विकत असेल तर खिशाला हात लावण्याआधी दोनदा विचार करावा.

हा धातू फक्त हिंदी माणसासाठी नव्हता. माल्टाचे मजूर, आफ्रिकेतले मजूर आणि सर्वांत मोठ्या संख्येने चिनी. इंग्रजांनी शांतुंग प्रांतातून आणि आसपासून सुमारे ९५ हजार चिनी मजूर करारावर नेले. वेइहाइवेइच्या तळावर प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेत आणि मनगटावर नंबराची पितळी पट्टी रिव्हेट मारून घट्ट करत. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट याहून कडू आहे. तिथले सुमारे २१ हजार काळे मजूर फ्रान्सला गेले. २१ फेब्रुवारी १९१७ ला 'मेंडी' जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ धडकेत बुडालं आणि त्यांतले सहाशेहून जास्त मेले. युद्ध संपल्यावर तिथल्या गोऱ्या सरकारने आपल्या काळ्या मजुरांना पदक द्यायचंच नाकारलं. शेजारच्या बासुटोलँड, बेचुआनालँड, स्वाझीलँडमधून त्याच तुकड्यांत गेलेल्यांना मात्र ब्राँझ मिळालं. एकाच खड्ड्यात फावडं मारणाऱ्या दोघांपैकी एकाला पदक आणि एकाला काहीच नाही, केवळ गाव सरहद्दीच्या अलीकडे म्हणून.

महायुद्धानंतर ब्राँझच्या या वेगळ्या पदकाची चाल बंद पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत लढणाऱ्याचा आणि ओझं वाहणाऱ्याचा धातू वेगळा नव्हता.

बाजारात आज जे उरलंय त्यालाही धातूचाच इतिहास आहे. चांदीची पदकं सोनाराच्या मुशीत गेली, त्यांची जोडवी-पैंजण झाली. १९८० च्या सुरुवातीला जगभर चांदी भडकली तेव्हा तर ढिगाने वितळली. ब्राँझला मोड नव्हती, म्हणून ते संदुकीच्या तळाशी, खिळ्यांच्या डब्यात, पोरांच्या खेळण्यांत तगून राहिलं. आता शंभरी ओलांडल्यामुळे भारतात ते कायद्याने पुरावस्तू ठरू शकतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनच्या लिलावांत फिरतात ती पदकं बरीच आधी गेलेली.

पदक हातात आलं की जाणता माणूस राजाचा चेहरा बघत नाही, घोडा बघत नाही. ते उभं धरतो, दिवा बाजूला तिरका घेतो आणि कड फिरवतो. तिथे ठशांनी उमटवलेली अक्षरं असतात. नंबर, नाव, तुकडी. जुनी अक्षरं घासून नवं नाव मारलं असेल तर व्हर्नियरवर व्यास किंचित कमी भरतो. चिनी मजुराच्या पदकाच्या कडेवर नावच नसतं. मनगटावरच्या पट्टीचा नंबर आणि पुढे चायनीज लेबर कोअर, एवढंच. हिंदी मजुराचं नाव बहुधा असतं, पण इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं, आणि तेही कुणी पदक देवघरातल्या भांड्यांबरोबर चिंच-रांगोळीने लखलखीत केलं नसेल तर. तशी पदकं दिसतात. राजा चकचकीत, घोडा चकचकीत, आणि कड गुळगुळीत.