एवढ्या लांब दगड बघायला?

तिकिटं काढायच्या आधी एकदा गाव चालू असताना बघून घ्या. काळ इसवी सनापूर्वी 2500 च्या आसपासचा, जागा कच्छच्या मोठ्या रणातलं खडीर बेट. शेजारच्या खेड्यावरून आपण या शहराला धोलावीरा म्हणतो. इथले लोक काय म्हणत असतील ते कुणालाच ठाऊक नाही. आभाळ भरून आलंय आणि तुम्ही मनहर नाल्याच्या काठी उभे आहात. वर्षाचे बरेच महिने या नाल्यात नुसती वाळू आणि गोटे. आज मात्र वरच्या अंगाने गढूळ पाण्याचा लोंढा येतोय आणि काठावरची माणसं एकमेकांना ओरडून काहीतरी सांगतायत. त्यांची बोली तुम्हाला कळत नाही. ती आजही कुणाला कळलेली नाही.

नाल्याला आडवा दगडी बांध घातलाय. लोंढा त्याला अडतो, फुगतो आणि तटाच्या दिशेने वळतो. त्याच्या मागोमाग चला. किल्ल्याच्या पूर्वेला एक तलाव आहे: सुमारे 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद, 10 मीटर खोल. मोहेंजोदडोचं ते प्रसिद्ध महास्नानगृह 12 मीटर बाय 7 मीटरचं, म्हणजे इथे एका कोपऱ्यात मावेल. पायऱ्यांनी खाली उतरा. तळाशी उन्हाळ्यातला गाळ, त्यावर आत्ता पाण्याचा पहिला पातळ थर पसरतोय. थोड्या वेळाने बघाल तर खालची पायरी दिसेनाशी झालेली. मग त्याच्या वरची. सगळं शहर पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतं, तेरा-एक मीटरचा उतार आहे. तो हेरूनच तलाव असे खोदलेत की एक भरला की पाणी पुढच्यात जावं. उत्तरेच्या मनसर नाल्यावरही असेच बांध आहेत. दोन्ही नाले हंगामी, भोवती खारट जमीन आणि बारमाही नदीचा पत्ता नाही. अशा ठिकाणी शहर वसवायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल, असा प्रश्न पडतो. पण उत्तर समोरच भरत चाललंय.

आता किल्ल्यात चढा. दरवाज्यात पायाखाली नि बाजूला खांबांचे घोटून गुळगुळीत केलेले दगड लागतील, हात फिरवल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोहेंजोदडो-हडप्प्यात विटांचा कारभार. इथे खाणीतला दगड. छपरांवरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या दगडी गटारांतून पळतंय, तेही साठवणीकडेच. उत्तर दरवाज्याशी थांबून वर बघा. लाकडी फळीवर पांढऱ्या जिप्समचे तुकडे बसवून केलेली दहा मोठी चिन्हं, एकेक हातभर उंचीचं. समोरच्या लांबलचक मैदानातून ती दिसत असणार. नाव असेल, फर्मान असेल, देवाला घातलेलं साकडं असेल. तुमच्या शेजारून मडकं घेऊन जाणारी बाई पाटीकडे बघतसुद्धा नाही, पाठ झालेली असणार.

मधल्या वस्तीत मणी करणाऱ्याच्या ओट्यावर टेका. तांबडा कार्नेलियन तापवून आणखी लाल केलेला. कामठ्याच्या दोरीला गुंडाळलेली गिरमिटाची काडी पुढे-मागे गरगरतेय, टोकाला अतिशय कठीण दगडाचा बारीक तुकडा. कारागीर मध्येच थांबतो, मण्यावर पाण्याचा थेंब सोडतो, उजेडाकडे धरून भोक सरळ जातंय ना बघतो. एका लांब मण्याला भोक पाडायला दिवसच्या दिवस जातात. इथून माल सिंधच्या शहरांत, पुढे समुद्रापलीकडेही जातो. तेव्हा भोवतालचं रण बहुधा उथळ समुद्र होतं, त्यामुळे बंदराचा धंदा आलाच.

आता भराभर पुढे या. इसवी सनापूर्वी 2000 च्या सुमारास कोरडं पडत चाललेलं हवामान, मंदावलेला व्यापार, दुरुस्तीविना खचणारे तट. काही काळ गाव ओस. मग कुणी येऊन जुनेच दगड उपसून गोल घरं बांधतात, कच्छमधल्या आजच्या ‘भुंगा’ नावाच्या गोल घरांची आठवण यावी अशी. तेही जातात. दरवाज्यावरची फळी पडते, कुजते. चिन्हं मातीत पडून राहतात. 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जगतपती जोशी ही जागा पुढे आणतात, 1990 पासून आर. एस. बिष्ट खोदत जातात, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागतं.

तर जावं का? मूर्ती, कोरीव खांब, भित्तिचित्रं हवी असतील तर मुळीच नको, त्यासाठी वेरूळ-अजिंठा पुरे. वस्तू बघायची हौस असेल तर महाराष्ट्रातल्या दायमाबादला सापडलेली धातूची जनावरं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, प्रवास वाचेल. उन्हाळ्यात कुणी फुकट नेलं तरी जाऊ नये. सावली नावाला नाही. घरच्यांपैकी कुणी ‘इथे आहे काय?’ असं दर पाच मिनिटांनी विचारणारं असेल तर त्याला भुजलाच खरेदीला सोडा.

पण ज्याच्या गावात टँकर येतो, त्याने जावंच. पाऊस सरल्यावर लगेच गेलात तर खावड्यावरून बेटाकडे येणाऱ्या नव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं. हिवाळ्यात त्याच जागी मीठ. पूर्वी रापरकडून मोठा वळसा पडायचा, आता भुजहून सकाळी लवकर निघालं की एका दिवसात होतं. तरी मुक्काम करा, कारण दुपारच्या उन्हात सगळे दगड सारखेच दिसतात. आणि गाईड आधी पाटीच्या जागी न्यायला बघेल, तिकडे सावकाश जा. सुरुवात पूर्वेच्या तलावापासून करा आणि पाणी जसं गेलं असतं तसं उताराने पश्चिमेकडे चालत जा.